क्षेपणास्त्र ३० किलोमीटरवर, हातात १०० सेकंद: युद्धनौकांच्या हवाई संरक्षणात एआय नेमकं काय करतं?

२३ डिसेंबर २०२३. सौदी अरेबियाहून कच्चं तेल घेऊन मंगळुरूकडे निघालेल्या 'एमव्ही केम प्लुटो' या जहाजावर अरबी समुद्रात ड्रोन हल्ला झाला. जहाजावर २१ भारतीय आणि एक व्हिएतनामी खलाशी होता. आग लागली, पण सुदैवानं जीवितहानी झाली नाही. दोन दिवसांनी जहाज मुंबईत पोहोचलं आणि नौदलाच्या स्फोटक तज्ज्ञांनी त्याची तपासणी केली. त्यानंतर आयएनएस मोरमुगाओ, आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या विनाशिका अरबी समुद्रात तैनात करण्यात आल्या.

या घटनेला वर्षभर होऊन गेल्यावर, १५ जानेवारी २०२५ रोजी, मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस सुरत' नौदलात दाखल झाली. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ही विनाशिका कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे एआयचा वापर करणारी नौदलाची पहिली युद्धनौका असल्याचं सांगण्यात आलं. सोशल मीडियावर लगेच 'आता जहाज स्वतःच शत्रूला ओळखणार आणि पाडणार' अशा पोस्ट फिरू लागल्या.

प्रत्यक्षात एआयचं काम यापेक्षा वेगळं आहे. ते समजून घेण्यासाठी आधी समुद्रावरच्या जहाजाला आकाशातून धोका कसा येतो, हे पाहावं लागेल.

युद्धनौकेला आकाशाची भीती का?

२१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. सोव्हिएत बनावटीची 'स्टिक्स' क्षेपणास्त्रं त्यासाठी वापरली गेली. मोठ्या तोफा असलेलं जहाज लहानशा बोटीपुढे हतबल होऊ शकतं, हे जगानं तेव्हा पाहिलं.

चार वर्षांनी हेच तंत्र भारतीय नौदलानं वापरलं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आयएनएस निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. याच कारवाईमुळे ४ डिसेंबर हा नौदल दिन म्हणून साजरा होतो. त्या रात्री बुडालेल्या 'पीएनएस खैबर'वरच्या कर्मचाऱ्यांना आपल्यावर नेमकं काय आदळलं, तेच कळलं नव्हतं. विमानानं हल्ला केल्याचा संदेश त्यांनी पाठवला होता. प्रत्यक्षात ते क्षेपणास्त्र होतं.

४ मे १९८२ रोजी फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या 'एचएमएस शेफिल्ड'वर अर्जेंटिनाच्या विमानानं सोडलेलं 'एक्झोसेट' क्षेपणास्त्र आदळलं. २० जण मरण पावले आणि काही दिवसांनी जहाज बुडालं.

या घटनांमधला समान धागा म्हणजे वेळ. धोका दिसला तेव्हा उशीर झालेला होता, किंवा जे दिसलं ते काय आहे हे कळलं नाही.

हातात वेळ किती असतो?

रडारच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे पाण्याला चिकटून येणारी वस्तू रडारला क्षितिजाच्या आड असेपर्यंत दिसत नाही. जहाजावरचं रडार पाण्यापासून २५ मीटर उंच असेल आणि क्षेपणास्त्र ५ मीटर उंचीवरून येत असेल, तर ते साधारण ३० किलोमीटरवर आल्यावरच दिसतं.

३० किलोमीटर म्हणजे किती? जामनेर आणि जळगाव या दोन गावांमधलं सरळ रेषेतलं अंतर साधारण तेवढंच आहे. जळगावच्या वेशीवर एखादी वस्तू दिसली आणि ती जामनेरवर आदळणार आहे, अशी कल्पना करा. एसटीला या प्रवासात तासभर लागतो. ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी, म्हणजे सेकंदाला ३०० मीटर वेगानं येणारं क्षेपणास्त्र हे अंतर १०० सेकंदांत कापतं. ध्वनीच्या पावणेतीनपट वेगाचं क्षेपणास्त्र असेल तर जेमतेम ३० ते ३२ सेकंद मिळतात.

एवढ्या वेळात काय काय करायचं असतं? रडारवरचा ठिपका खरा आहे की लाटेचा किंवा पक्ष्यांच्या थव्याचा, हे ठरवायचं. तो शत्रूचा, आपला की प्रवासी विमानाचा, हे ओळखायचं. तो आपल्याकडे येतोय की शेजारच्या जहाजाकडे, हे मोजायचं. कोणत्या शस्त्रानं पाडायचं ते निवडायचं, परवानगी घ्यायची आणि मग डागायचं.

ठिपका एकच असेल तर प्रशिक्षित माणसं हे करू शकतात. पण एकाच वेळी दहा दिशांनी दहा ठिपके आले तर?

हवाई संरक्षणाचं 'नियोजन' म्हणजे काय?

युद्धनौकेचं हवाई संरक्षण थरांमध्ये रचलेलं असतं. सर्वांत बाहेर लढाऊ विमानं आणि टेहळणी करणारी विमानं किंवा हेलिकॉप्टर. त्याच्या आत लांब आणि मध्यम पल्ल्याची क्षेपणास्त्रं. आयएनएस सुरतवर उभी डागली जाणारी ३२ बराक-८ क्षेपणास्त्रं बसतात. त्यांचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर आहे. त्याच्या आत तोफा, आणि अगदी जवळ मिनिटाला हजारो गोळ्या झाडणारी एके-६३० ही तोफ. सोबत शत्रूच्या क्षेपणास्त्राची दिशाभूल करणारी उपकरणंही असतात. उदाहरणार्थ, हवेत धातूच्या बारीक पट्ट्यांचा ढग सोडून खोटं लक्ष्य उभं करणं.

हे सगळं ऐनवेळी जमवता येत नाही. त्यासाठी आधी काही तास, कधी काही दिवस बसून आराखडा करावा लागतो. त्यातले प्रश्न असे असतात:

- ताफ्यातलं कोणतं जहाज कुठे उभं करायचं? विमानवाहू नौका किंवा तेलवाहू जहाज मध्ये ठेवलं, तर भोवतीच्या विनाशिका किती अंतरावर हव्यात?
- कोणत्या दिशेनं हल्ल्याची शक्यता जास्त आहे? तिथे रडारची नजर कमी पडते का?
- आपली विमानं परत येताना कोणत्या वाटेनं येतील? त्यांना चुकून कोणी पाडणार नाही ना?
- दोन जहाजांनी एकाच लक्ष्यावर क्षेपणास्त्रं सोडून ती वाया घालवू नयेत, म्हणून कोणती दिशा कोणाची?
- किती क्षेपणास्त्रं पहिल्या हल्ल्यासाठी वापरायची आणि किती राखून ठेवायची?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. उभ्या नळ्यांमधली क्षेपणास्त्रं संपली की भर समुद्रात ती पुन्हा भरणं अतिशय कठीण असतं. जहाजाला बहुतेक वेळा बंदर गाठावं लागतं.

यातलं गणित इतकं अवघड का आहे?

समजा, दहा धोके येत आहेत आणि प्रत्येकासाठी पाच शस्त्रांपैकी एक निवडायचं आहे. किती प्रकारे निवड करता येईल? ५ चा दहावा घात, म्हणजे ९७ लाख ६५ हजार ६२५ प्रकारे. यात 'कधी डागायचं' हा प्रश्न अजून धरलेलाच नाही. 'कोणतं शस्त्र कोणत्या लक्ष्याला' या प्रश्नावर गणितज्ञ १९५० च्या दशकापासून काम करत आहेत. लक्ष्यं आणि शस्त्रं वाढत गेली की प्रत्येक पर्याय तपासून अचूक उत्तर काढणं संगणकालाही जड जातं.

आता क्षेपणास्त्रांचा हिशेब. समजा, आपलं एक क्षेपणास्त्र लक्ष्य पाडेल याची शक्यता ७० टक्के आहे. (हा आकडा फक्त उदाहरणासाठी, कोणत्याही खऱ्या क्षेपणास्त्राचा नाही.) एका लक्ष्यावर दोन सोडली तर शक्यता ९१ टक्के होते. हे पुरेसं वाटतं. पण दहाच्या दहा लक्ष्यं पडतील याची शक्यता किती? फक्त ३९ टक्के. म्हणजे निदान एक तरी निसटण्याची शक्यता जास्त. प्रत्येकावर तीन-तीन सोडली तर दहाही पडण्याची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते, पण ३२ पैकी ३० क्षेपणास्त्रं एका हल्ल्यातच संपतात. दुसरा हल्ला आला तर काय?

यावर एक उपाय आहे: एक सोडायचं, लागलं का ते बघायचं आणि चुकलं तरच दुसरं सोडायचं. या पद्धतीत तीन संधी मिळाल्या, तर एकेक लक्ष्य पडण्याची शक्यता तीन सोडण्याइतकीच राहते, पण प्रत्येक लक्ष्यामागे सरासरी १.४ क्षेपणास्त्रंच खर्च होतात. दहा लक्ष्यांना ३० ऐवजी साधारण १४. अर्थात त्यासाठी तीन संधी मिळाल्या पाहिजेत, म्हणजे वेळ पाहिजे.

वरचंच उदाहरण पुढे नेऊ. शत्रूचं क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर वेगानं येतंय, आपलं सेकंदाला ६५० मीटर वेगानं जातं आणि लागलं की नाही हे पाहायला ५ सेकंद लागतात. दिसल्यापासून २० व्या सेकंदाला पहिलं क्षेपणास्त्र सुटलं, तर शत्रूशी पहिली गाठ १६ किलोमीटरच्या पुढे पडते आणि जहाजापासून साधारण ६ किलोमीटरवर तिसरी संधीही मिळते. निर्णयाला ६० सेकंद लागले, तर दुसरी संधीच साडेचार किलोमीटरवर येते आणि तिसऱ्या संधीला जवळपास वेळच उरत नाही.

म्हणजे निर्णयातले ४० सेकंद वाचले की क्षेपणास्त्रं वाचतात, आणि क्षेपणास्त्रं वाचली की जहाज दुसऱ्या हल्ल्यालाही तोंड देऊ शकतं. एआयचा खरा उपयोग इथे आहे.

मग एआय सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

१. हजारो 'समजा' तपासून बघणं. जहाजांची मांडणी ठरवताना अधिकारी आपल्या अनुभवावरून दोन-चार पर्याय काढतात. सॉफ्टवेअर त्याच परिस्थितीत शत्रू वेगवेगळ्या दिशांनी, वेगवेगळ्या संख्येनं आला तर काय होईल, याच्या हजारो लढाया संगणकात लढून बघतं. कोणत्या मांडणीत कोणती फट राहते, हे त्यातून दिसतं. अमेरिकी नौदलासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीनं एआयची आजची लाट येण्याच्या कितीतरी आधी अशा नियोजनासाठी एक प्रणाली विकसित केली होती.

२. ठिपके ओळखणं. वेग, उंची, वळण, रडारचं प्रतिबिंब, प्रवासी विमानांचे ठरलेले मार्ग हे सगळं एकत्र करून 'हा ठिपका बहुधा काय आहे' याचा अंदाज देणं.

३. आधी कोणाकडे बघायचं ते सांगणं. पडद्यावर शंभर ठिपके असतील, तर त्यातला धोकादायक कोणता याची क्रमवारी लावणं. थकलेल्या माणसाचं लक्ष चुकतं, संगणकाचं त्या कारणानं चुकत नाही.

४. शस्त्र सुचवणं. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्च करायचं की तोफेच्या टप्प्यात येऊ द्यायचं, हा प्रश्न तांबड्या समुद्रातल्या हुथी हल्ल्यांनंतर सगळ्याच नौदलांपुढे आला आहे. समोरचं ड्रोन स्वस्त असतं आणि त्याला पाडणाऱ्या एका क्षेपणास्त्राची किंमत लाखो डॉलर असते.

यातली दुसरी, तिसरी आणि चौथी कामं समुद्रावर तपासली गेली आहेत. मे २०२१ मध्ये स्कॉटलंडजवळ झालेल्या 'फॉर्मिडेबल शील्ड' या सरावात ब्रिटिश नौदलानं 'एचएमएस लँकेस्टर' आणि 'एचएमएस ड्रॅगन' या जहाजांवर 'स्टार्टल' आणि 'सायकोइया' ही दोन सॉफ्टवेअर वापरून पाहिली. स्टार्टल हवेतल्या हालचालींवर नजर ठेवून अधिकाऱ्याला सावध करतं. सायकोइया येणारं क्षेपणास्त्र ओळखून त्यासाठी योग्य शस्त्र सुचवतं. दोन्ही सुचवतात, डागत नाहीत.

आणखी एक प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटीमधला. तिथल्या संशोधकांनी जहाजावर येणाऱ्या क्षेपणास्त्रांना रोखण्याच्या संगणकीय खेळात तज्ज्ञ माणसं कसे निर्णय घेतात, याची नोंद घेऊन त्यावरून संगणकाला शिकवलं. २०१६ मध्ये त्यांनी हे काम मांडलं. अनुभवी माणसाला 'तू असं का केलंस' विचारलं, तर बऱ्याचदा नीट सांगता येत नाही. पण त्याचे निर्णय पाहून संगणक त्यातले नियम उचलू शकतो, हा त्यामागचा विचार होता.

भारतात काय चाललंय?

आयएनएस सुरत ही विशाखापट्टणम वर्गातली चौथी आणि शेवटची विनाशिका. वजन ७,४०० टन. स्वदेशी एआय प्रणालीमुळे तिची कार्यक्षमता वाढेल, असं अधिकृत माहितीत म्हटलं आहे. ही प्रणाली कोणत्या कामासाठी किती वापरली जाते, याचे बारकावे साहजिकच जाहीर केलेले नाहीत. त्यामुळे 'जहाज आपोआप लढतं' असा दावा करणाऱ्या पोस्टवर विश्वास ठेवण्याचं कारण नाही.

भारतीय युद्धनौकांवर रडार, सोनार आणि शस्त्रं यांना एकत्र बांधणारी 'कॉम्बॅट मॅनेजमेंट सिस्टिम' असते. नौदलाची 'वेसी' ही संस्था आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड यांनी ती देशात तयार केली आहे. एआय सॉफ्टवेअरला जी माहिती लागते, ती अशाच प्रणालीतून मिळते.

त्यापुढचा टप्पा म्हणजे जहाजांनी एकमेकांच्या डोळ्यांनी बघणं. १५ मे २०१९ रोजी पश्चिम किनाऱ्यावर आयएनएस कोची आणि आयएनएस चेन्नई यांनी एक चाचणी केली. त्यात दोन्ही जहाजांवरची क्षेपणास्त्रं एकाच जहाजानं नियंत्रित केली आणि हवेतली वेगवेगळी लक्ष्यं पाडली. २४ एप्रिल २०२५ रोजी, पहलगाम हल्ल्यानंतर दोनच दिवसांनी, आयएनएस सुरतनं अशाच सहकार्याच्या पद्धतीनं पाण्याला चिकटून येणारं लक्ष्य टिपलं.

याचं महत्त्व वरच्या ३० किलोमीटरच्या हिशेबात आहे. पुढे उभ्या असलेल्या जहाजाला धोका आधी दिसला आणि ती माहिती मागच्या जहाजाला क्षणात मिळाली, तर मागच्या जहाजाचे १०० सेकंद वाढतात. पण जहाजं वाढली की पर्यायही वाढतात आणि गणित आणखी अवघड होतं. म्हणून अशा जोडणीसोबत नियोजनाच्या सॉफ्टवेअरची गरजही वाढते.

धोरणाच्या पातळीवर २०१८ मध्ये एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती दलानं संरक्षणातल्या एआयबद्दल अहवाल दिला. त्यानंतर संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली संरक्षण एआय परिषद आणि प्रकल्पांसाठी एक वेगळी यंत्रणा उभी राहिली. जुलै २०२२ मध्ये एआयवर आधारित ७५ संरक्षण उत्पादनं सादर झाली.

नौदलाचं एआयचं प्रशिक्षण आणि प्रयोग मुख्यतः 'आयएनएस वालसुरा' या संस्थेत होतात. जामनेरच्या वाचकांना हे गावाचं नाव ओळखीचं वाटेल, पण वालसुरा आहे गुजरातमधल्या जामनगरला. तिथे २०२० मध्ये एआय आणि बिग डेटाची प्रयोगशाळा सुरू झाली. यंत्रांची देखभाल आणि मनुष्यबळ या विषयांवरच्या प्रायोगिक प्रकल्पांना तिनं हातभार लावला आहे. म्हणजे नौदलानं एआयची सुरुवात तोफ-क्षेपणास्त्रांपेक्षा साध्या, चूक झाली तरी जीव जाणार नाही अशा कामांपासून केली.

भूदलाकडे हवाई संरक्षणासाठी 'आकाशतीर' ही स्वयंचलित नियंत्रण प्रणाली आहे. तिच्यासाठी मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी १,९८२ कोटी रुपयांचा करार झाला होता. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरच्या काळात तिची बरीच चर्चा झाली.

यंत्र चुकलं तर? आणि माणूस चुकला तर?

३ जुलै १९८८. पर्शियाच्या आखातात अमेरिकेच्या 'यूएसएस विन्सेन्स' या युद्धनौकेनं इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं प्रवासी विमान लढाऊ विमान समजून पाडलं. २९० जण मरण पावले, त्यात १० भारतीय होते. विन्सेन्सवर त्या काळातली सर्वांत प्रगत 'एजिस' प्रणाली होती. नंतरच्या चौकशीत दिसलं की यंत्राच्या नोंदीप्रमाणे विमान वर चढत होतं. पण चकमकीच्या तणावात माणसांनी ते खाली, आपल्या दिशेनं झेपावत असल्याचं सांगितलं. यंत्र बरोबर होतं, माणसं चुकली.

२००३ च्या इराक युद्धात उलटं घडलं. अमेरिकेच्या जमिनीवरच्या 'पेट्रियट' प्रणालीनं २३ मार्चला ब्रिटनचं टॉर्नेडो विमान शत्रूचं क्षेपणास्त्र समजून पाडलं. विमानातले दोघेही ठार झाले. काही दिवसांनी अमेरिकेच्याच नौदलाचं एक लढाऊ विमानही असंच पडलं. इथे यंत्रानं चुकीचं ओळखलं आणि माणसांनी यंत्रावर विश्वास ठेवला.

भारतालाही ही जखम माहीत आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगामजवळ वायुदलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्या सहा जणांमध्ये नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. ही मोठी चूक होती, असं तत्कालीन वायुदल प्रमुखांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केलं.

या घटनांवरून एक गोष्ट लक्षात येते. 'माणूस निर्णय घेईल' एवढं म्हटल्यानं प्रश्न सुटत नाही. यंत्राची सूचना तपासायला माणसाला पाच सेकंदच मिळणार असतील, तर तो बहुधा 'हो' म्हणूनच बटण दाबेल. म्हणून खरी काळजी आधीच्या नियोजनात घ्यावी लागते: प्रवासी विमानांचे मार्ग कोणते, आपली विमानं कुठून येणार, कोणत्या भागात परवानगीशिवाय डागायचंच नाही. शांतपणे विचार करायला वेळ असतो तेव्हाच हे नियम ठरले, तर ऐनवेळच्या पाच सेकंदांवर कमी भार पडतो.

एआयच्या मर्यादा कोणत्या?

शिकायला उदाहरणं कमी. फोटोतलं मांजर ओळखायला एआयला लाखो फोटो मिळतात. युद्धनौकेवर खरोखर झालेले क्षेपणास्त्र हल्ले मात्र मोजके आहेत. त्यामुळे एआयला बराचसा अभ्यास बनावट लढायांवर करावा लागतो. खरा शत्रू त्या बनावट लढाईसारखा वागेलच असं नाही.

शत्रूही फसवतो. एआय कोणत्या खुणांवरून ओळखतं हे समजलं, तर शत्रू त्याच खुणा बदलतो किंवा खोटी लक्ष्यं पाठवतो.

हवामान बदलतं. अरबी समुद्रावर हवेचे थर असे तयार होतात की रडारच्या लहरी कधी वाकून फार दूर जातात, तर कधी जवळचंही नीट दिसत नाही. दुसऱ्या समुद्रात शिकलेलं सॉफ्टवेअर इथे जसंच्या तसं चालत नाही.

कारण सांगता आलं पाहिजे. 'हा ठिपका धोकादायक आहे' एवढंच पुरत नाही. वेगामुळे, दिशेमुळे की ओळख न दिल्यामुळे, हे अधिकाऱ्याला एका नजरेत दिसलं पाहिजे. तरच तो सूचना नाकारू शकतो. भारतात संरक्षणातल्या एआयची विश्वासार्हता तपासण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये संरक्षण दलप्रमुखांच्या हस्ते एक आराखडा जाहीर झाला. त्यात भरवसा, सुरक्षितता आणि पारदर्शकता या कसोट्या आहेत.

शेवटी डागण्याचा निर्णय कोणाचा?

तोफेच्या शेवटच्या थरात स्वयंचलित पद्धत अनेक दशकांपासून आहे. क्षेपणास्त्र अगदी जवळ आलं की माणसाला विचारायला वेळच नसतो, म्हणून ही तोफ स्वतः लक्ष्य धरून गोळ्या झाडू शकते. पण ती पद्धत कधी सुरू करायची हे माणूस ठरवतो. १७ मे १९८७ रोजी पर्शियाच्या आखातात 'यूएसएस स्टार्क'वर दोन इराकी क्षेपणास्त्रं आदळली आणि ३७ खलाशी मरण पावले. तेव्हा जहाजावरची अशी तोफ स्वयंचलित स्थितीत ठेवलेलीच नव्हती. त्या प्रसंगी धोका वेळेवर ओळखला गेला नाही. साडेतेरा महिन्यांनी त्याच आखातात विन्सेन्सनं नसलेला धोका ओळखला.

उशीर केला तर आपले खलाशी जातात, घाई केली तर निरपराध प्रवासी. हवाई संरक्षणाचं सॉफ्टवेअर या दोन टोकांच्या मधली वाट थोडी रुंद करतं. त्यावरून कसं चालायचं, ते जहाजाच्या कॅप्टनलाच ठरवावं लागतं.

समुद्रापासून दूर असलेल्या खानदेशाला याचं काय?

जामनेरहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण इथलं अर्थकारण त्याला जोडलेलं आहे. जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची जीआय मानांकन मिळालेली जळगाव केळी दुबईला रवाना झाली. आखाती देशांकडे जाणारी केळी अरबी समुद्रातूनच जातात. इथल्या पंपावरच्या पेट्रोल-डिझेलमागचं कच्चं तेलही बहुतांशी त्याच समुद्रातून येतं. तांबड्या समुद्रातले हल्ले वाढले तेव्हा अनेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली, त्यामुळे प्रवास लांबला आणि भाडं वाढलं.

केम प्लुटोवरच्या २१ भारतीयांसारखे हजारो खलाशी रोज या मार्गावरून जातात. त्यांच्या आसपास असलेल्या विनाशिकेवर कोणीतरी आदल्या रात्री नकाशा उघडून बसलेलं असतं: उद्या कुठे उभं राहायचं, कोणत्या दिशेला नजर ठेवायची, काय राखून ठेवायचं. त्या कामात आता एआयही मदतीला येत आहे.